मनी प्लांट झाडावर कोणी चढवला?

मुंबईच्या उपनगरांत रस्त्याकडेच्या ज्या ज्या झाडावर मनी प्लांट चढलेला दिसतो, तिथे तो माणसानेच नेलेला असतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही. मनी प्लांटला फुलं जवळजवळ येतच नाहीत. फुलं येण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक या वनस्पतीत पुरेसं तयार होत नाही, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. फूल नाही म्हणून फळ नाही, फळ नाही म्हणून बी नाही आणि बी नाही म्हणून ते खाऊन दुसरीकडे टाकणारा बुलबुलही नाही. ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरची ही वेल निम्म्या जगात पोचली ती माणसाच्या हातातून, एकेका पेराच्या तुकड्याने. अंधेरीच्या गल्लीतल्या आसुपालवावर ती असो की मुलुंडच्या पर्जन्यवृक्षावर, तिचा माग काढत गेलं तर शेवटी कोणाच्या तरी घरातली कुंडी किंवा पाण्याची बाटलीच सापडेल.

आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षावर ती तिसऱ्या मजल्याच्या उंचीला गेली आहे. वेल घरात फार वाढली, फेकून द्यायचं कोणाच्या तरी जिवावर आलं आणि त्यांनी ती बुंध्याशी आणून लावली, एवढीच तिची कथा असणार. हेतू चांगला होता. शिवाय चोरून आणलेला मनी प्लांट बरकत देतो असा समज आपल्याकडे आहे, त्यामुळे जाता-येता एखादा तुकडा खुडून नेणारे आणि पुढे दुसऱ्याला देणारेही पुष्कळ. घरात तळहाताएवढं असणारं पान झाडावर चढलं की हातभर होतं, कडेने चिरतं, पिवळ्या पट्ट्यांनी भरतं. हे आपल्या खिडकीतलंच रोप आहे हे सांगितलं तरी लोकांना पटत नाही.

त्या खोडाजवळ उभं राहून एक पान बाजूला सारून बघावं. दर पेराला तपकिरी मुळं फुटलेली असतात, सालीच्या भेगांत घट्ट शिरलेली. पान आणि साल यांच्या मध्ये कुजका पाला, ओलसर माती, मुंग्या. साल तिथे कधी कोरडी होत नाही. पावसाळ्यापूर्वी झाडं तपासताना खोडाला ढोली पडली आहे का, साल सुटली आहे का, बुरशी आली आहे का, हेच तर बघायचं असतं, आणि नेमकं तेच या हिरव्या पडद्याआड जातं. वेलीचं ओझं, भिजल्यावर वाढलेलं त्याचं वजन आणि जुलैच्या वाऱ्यात त्या पानांनी धरलेला वारा, हे सगळं झाडाच्या वाट्याला वेगळंच. गेल्या दशकभरात पिठ्या ढेकणाने मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळले. उरलेल्यांना एवढा भार देऊ नये.

मी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला राहते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या बागेचं काम माझ्याकडे आहे. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे थोडी मोकळी जागा, मग झुडपं आणि मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल बोरिवली, गोरेगाव, भांडुप, मुलुंड आणि ठाणे यांच्या मधोमध आहे, आणि त्याच्या कडेकडेने आपल्या इमारतींच्या मागच्या भिंती आहेत. वेलींविषयी मला जे म्हणायचं आहे ते या मागच्या भिंतीवरून सुचलं. वेल कोणती लावायची हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. ती छाटायची कधी आणि छाटलेलं टाकायचं कुठे, याचा संबंध मात्र शेजाऱ्यांशी, रस्त्यावरच्या झाडांशी, नाल्याशी आणि जंगलाशी येतो. आपल्याकडे बागेवर जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात लावण्याबद्दल भरभरून असतं, टाकण्याबद्दल शब्द नसतो.

आधी एक गैरसमज दूर करते. परदेशी तेवढं वाईट आणि देशी तेवढं चांगलं, असं माझं म्हणणं नाही. मिरची, बटाटा, पेरू बाहेरून आले. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा. श्रावणभाद्रपदात कुंपणावर लाल चांदण्या पसरणारी गणेशवेल अमेरिका खंडातली, आणि कृष्णकमळही तिकडचंच. ती घरात राहिली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. उलट बाजूही बघा. कालिदासाच्या शाकुंतलात जिचा मंडप आहे ती माधवीलता आपल्या जंगलांतली. पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची, गोड वासाची. हीच माधवीलता हिंदी महासागरातल्या मॉरिशस आणि रीयुनियन बेटांवर शोभेसाठी नेली गेली, तिथल्या रानात शिरली, झाडांवर चढून त्यांना गुदमरवू लागली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज तिचं नाव आहे. ईशान्य भारतातली निळ्या घंटांची थनबर्जिया ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये इतकी माजली, की तिथे ती विकायलाच नव्हे, शेजाऱ्याला फुकट द्यायलाही कायद्याने मनाई आहे. वेलीचा गुणदोष तिच्या जन्मगावावरून ठरत नाही. नव्या जागी तिला कोणी खाणारं आहे का, रोखणारं आहे का, आणि ती पसरते कशी, यावर ते ठरतं.

म्हणून प्रत्येक वेलीची पसरण्याची रीत माहीत असावी. मनी प्लांटची सांगितली. दुसरी आइस्क्रीम वेलीची. अंधेरीच्या चार बंगल्यापासून बोरिवलीच्या आयसी कॉलनीपर्यंत जुन्या बैठ्या घरांच्या फाटकांवर, सोसायट्यांच्या भिंतींवर हिचे गुलाबी झुपके दिसतात. मूळची मेक्सिकोची. पाणी नाही, खत नाही, निगा नाही, तरी फुलते, आणि जवळजवळ बारा महिने. फुलोऱ्याजवळ गेलं की मधमाश्यांची घूं घूं ऐकू येते, फुलोरी माश्या तर हिला सोडतच नाहीत. सिमेंटच्या या पट्ट्यात मधमाशीला इतकं अन्न देणारी दुसरी वेल दाखवा म्हटलं तर मला पटकन नाव सुचणार नाही. हिच्याविषयी बोलताना हे आधी मान्य केलं पाहिजे.

पण जमिनीत हिला कंद असतात. वरून कितीही कापा, कंदातून पुन्हा फुटवा येतो. माळीदादांनी आमच्या भिंतीकडची एक जुनी वेल खणली तेव्हा कंद एकाखाली एक निघत गेले, काही रताळ्याएवढे, काही बोराएवढे, आणि बारकी मुळं भिंतीच्या पायात शिरलेली. त्यातला एखादा मातीत राहिला तरी पावसात तो कोंब काढतो. त्यात भर म्हणजे हिची वाळलेली फळं पाण्यावर तरंगतात. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट युस्टेशियस बेटाचा मोठा भाग या वेलीने व्यापला आहे. प्रशांत महासागरातल्या ग्वाममध्येही तिचा असाच उपद्रव आहे. तिथे ती रानातून आली नव्हती, घरांच्या कठड्यांवरूनच उतरली होती.

आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या उद्यानाच्या नि आरेच्या डोंगरांतून निघतात आणि उपनगरांच्या पोटातून वाहत खाडीला मिळतात. पूर्वेकडे मुलुंड-भांडुपचे नाले ठाणे खाडीत जातात. पाण्यावर तरंगणारं फळ ज्या वेलीला येतं ती नाल्याच्या भिंतीवर लावणं म्हणजे दर पावसाळ्यात खाडीकडे बियाणं पाठवणं. आणि मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकलेली छाटणी थेट जंगलाच्या कडेला रुजते. घाटकोपर ते मुलुंड लोकलच्या खिडकीतून रुळांलगत जांभळ्या फुलांची, पंजासारख्या पानांची वेल दिसते. तिला रेल्वे क्रीपरच म्हणतात. ती कुठे कुठे पोचली आहे ते एकदा नीट पाहिलं, की नाला, रूळ आणि भिंत या तीन वाटांनी वेल शहरभर कशी फिरते ते कळतं.

त्यामुळे माझं असं ठाम मत आहे, की बाराव्या मजल्यावरच्या सज्ज्यासाठी आणि डोंगराच्या पायथ्याच्या तळमजल्यासाठी एकच नियम असू नये. अंधेरी पश्चिमेला उंच इमारतीत कोणी ग्रिलवर पडदा वेल सोडली, कुंडीत आइस्क्रीम वेल वाढवली आणि फळं धरायच्या आत ती छाटली, तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. उकाड्यात त्या हिरव्या पडद्याने घर थोडं थंड राहतं, चिमण्या-शिंजिर येतात, म्हाताऱ्या माणसांना विरंगुळा होतो. पण मुलुंड कॉलनी, योगी हिल, बोरिवली पूर्व, गोरेगावची आरेलगतची बाजू, किंवा कुठल्याही नदी-नाल्याच्या काठची सोसायटी असेल, तर कंदाची किंवा तुकड्यातून रुजणारी परदेशी वेल जमिनीत लावू नये. कुंडीत लावावी. भिंतीवर, झाडावर जाऊ देऊ नये. एवढा भेद करायला कुठलं तज्ज्ञमंडळ लागत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत अर्ध्या तासात तो ठराव होऊ शकतो.

शोभेची वनस्पती हाताबाहेर कशी जाते हे आपल्याच देशाने पाहिलं आहे. घाणेरी, म्हणजे टणटणी, १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती आज देशातल्या दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगलात पसरली आहे. पवईच्या तलावातून वर्षानुवर्षं काढली जाणारी जलपर्णीसुद्धा तिच्या जांभळ्या तुऱ्यांसाठीच इकडे आणली गेली होती. अमेरिकेत कुडझू नावाची जपानी वेल १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात आली, लोकांनी ती घरांच्या ओसरीवर सावलीसाठी चढवली, आणि पुढे १९३० च्या दशकात मातीची धूप थांबवायला सरकारने शेतकऱ्यांना एकरी आठ डॉलरपर्यंत देऊन ती लावून घेतली. १९५३ मध्ये सरकारनेच तिला शिफारशीच्या यादीतून काढलं. तोवर दक्षिणेकडच्या राज्यांत ती विजेच्या खांबांवरही चढली होती. या तिन्ही कथांत लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आमच्या पर्जन्यवृक्षाशी मनी प्लांट लावणाऱ्याचाही नव्हता.

छाटणीचं थोडं तपशिलात सांगते, कारण खरं काम तिथेच आहे.

मुंबईत पावसाळ्यात छाटलेली वेल मरत नाही. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की मनी प्लांटचं एक पेर फुटपाथवर पडलं तरी आठवड्याभरात मूळ धरतं. म्हणून जोराची छाटणी एप्रिल-मेमध्ये करून घ्यावी. छाटलेले तुकडे गच्चीवर, फरशीवर पसरावेत आणि हातात धरून चुरचुरतील इतके कडकडीत वाळू द्यावेत. मगच खताच्या खड्ड्यात टाकावेत. हिरवे तुकडे खड्ड्यात टाकले तर खत होण्याऐवजी तिथेच रोपवाटिका होते. पावसाळ्यात छाटावंच लागलं तर तुकडे जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत, पाणी सुटून काळे होईपर्यंत. घाण वास येतो, म्हणून पिशवी जिन्यात ठेवू नये एवढंच. आइस्क्रीम वेलीचे कंद मात्र खतात कधीच टाकू नयेत. ते ठेचून, उन्हात वाळवूनच संपवावेत. तिचा फुलोरा करपायला लागला की फळं पडण्याआधी तो कापावा. मधमाशीला हवं ते तोवर मिळालेलं असतं.

आमच्या सोसायटीत माळीदादा आठवड्यातून एकदा येतात. त्यांच्यावर आणखी पाच-सहा सोसायट्यांचा भार असतो, आणि छाटणीचा ढीग दिवस संपायच्या आत नजरेआड करायचा हुकूम त्यांना बहुतेक ठिकाणी असतो. मग तो ढीग भिंतीपलीकडे जातो, नाल्यात जातो, मोकळ्या प्लॉटवर जातो. त्याबद्दल त्यांना बोल लावणं अन्यायाचं आहे. ज्यांनी वेल लावून घेतली त्यांनी छाटणी वाळवायला कोपरा द्यायला हवा, आणि त्या वाढीव कामाचे पैसेही. आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे तशी जागा केली. पहिल्यांदा कुरकुर झाली, आता कोणी काही म्हणत नाही.

रस्त्यावरच्या झाडावर चढलेली वेल काढतानाही घाई नको. भावनेच्या भरात वेल ओढून काढली की साल सोलली जाते आणि झाडाला जखमा होतात. जमिनीलगत आणि छातीच्या उंचीवर, अशा दोन ठिकाणी वेल कापावी, मधला तुकडा हळूच सोडवावा, खालची मुळं मातीतून काढावीत. वरचा भाग लगेच मरत नाही. सालीच्या ओलीवर तो महिनोन्महिने तग धरतो, वरून पुन्हा मुळं खाली सोडतो. ती दिसली की कापत राहावी लागतात. कोयत्याचा घाव झाडाच्या सालीला लागता कामा नये. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांसाठी संरक्षणाचा कायदा आहे, तेव्हा रस्त्यावरच्या झाडाला हात लावण्याआधी पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याला कळवावं. आमच्याकडे ते टी विभागाचं.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. डोंगर पोखरले जाताहेत, जंगलाच्या पोटातून रस्ते-बोगदे चाललेत, आणि तुम्ही बायकांच्या कुंड्या काय मोजता? हा आक्षेप मनापासून केलेला असतो आणि त्यातली कळकळ मला समजते. त्या मोठ्या प्रश्नांवर सभा होतात, न्यायालयात दाद मागितली जाते, ते सगळं व्हायलाच हवं. पण ज्या जंगलासाठी आपण हे करतो, त्याच जंगलाच्या कडेला आपल्याच मागच्या भिंतीवरून हिरवा कचरा टाकायचा, हे मला पटत नाही. बोगदा थांबवणं माझ्या एकटीच्या हातात नाही. भिंतीवरून टाकणं थांबवणं पूर्णपणे माझ्या हातात आहे, त्यासाठी कोणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही.

सरकारच्या हातात आहे तेही त्यांनी करावं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर नियंत्रण आणण्याचा, बंदीही घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. २०२३ च्या एप्रिलपासून ती दुरुस्ती लागू आहे. या अधिकाराचा विचार बागेच्या बाजारापासून सुरू व्हावा असं मला वाटतं. सरसकट बंदीची मी मागणी करत नाही. नर्सरीत कुंडीला किमतीची चिठ्ठी असते, तिच्यावर दोन ओळी वाढवाव्यात: ही वेल कंदातून पसरते, जमिनीत लावू नका. किंवा: हिचे तुकडे रुजतात, छाटणी वाळवून टाका. नर्सरीवाल्यांना हे सगळं माहीत असतं, विचारलं तर ते सांगतातही. विचारायला सुचत नाही, म्हणून ते लिहिलेलं असावं. पालिका आणि बिल्डरांनीही दुभाजक नि उतार झाकायला पिवळ्या फुलांची वेडेलिया अंथरायचं थांबवावं. तीही त्या शंभरांच्या यादीत आहे. आणि पालिकेचं झाडा-फुलांचं वार्षिक प्रदर्शन भायखळ्याला राणीच्या बागेत भरतं, तिथे लोटणाऱ्या गर्दीसमोर स्थानिक वेलींचा एक मांडव उभा राहिला, तर त्याचा परिणाम दहा लेखांहून जास्त होईल.

स्थानिक वेली कमी सुंदर नाहीत. उन्हाळ्यात राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर कुसर फुलते. पांढऱ्या लांब पाकळ्यांची ही रानजाईची बहीण वासानेच आपली जागा सांगते. कळलावीच्या पिवळ्या-तांबड्या ज्वाळा पावसाळ्यात पेटतात, पण तिचा कंद विषारी असतो, म्हणून लहान मुलांच्या घरी ती नको. हरणदोडीवर निळ्या ठिपक्यांच्या ब्लू टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. सापसणावर क्रिमसन रोझ आणि कॉमन रोझ अंडी घालतात, आणि आपल्या भागातलं आकाराने सर्वांत मोठं सदर्न बर्डविंग हे फुलपाखरूही त्याच कुळातल्या वेलींवर अवलंबून असतं. याच कुळातली शोभेची बदकवेल मात्र घरी आणताना विचार करावा. ऑस्ट्रेलियात तिच्या एका परदेशी भावंडावर तिथल्या बर्डविंग फुलपाखराने अंडी घातली, की अळ्या पानं खाऊन मरतात. मादीला वासाने ती आपलीच वेल वाटते. गोकर्ण, जाई, जुई, मायाळू, विड्याची पानवेल, गुळवेल ही तर घरचीच नावं. गुळवेलही मोकळी सोडली की कडुनिंबावर दोऱ्या सोडत चढते, तेव्हा छाटणी तिलाही लागतेच.

एक मात्र कळकळीने सांगते. कुसरीचं किंवा सापसणाचं रोप हवं म्हणून राष्ट्रीय उद्यानातून उपटून आणू नका. तो गुन्हा आहे, आणि अशी उपटलेली वेल कुंडीत सहसा जगतही नाही. रानातली वेल रानात बघावी, घरासाठी नर्सरीत मागावी. चार जणांनी मागितली की पाचव्याला ती तिथे मिळायला लागते. आमच्या भागातल्या एका नर्सरीत हरणदोडीचं नावही कोणी घेत नव्हतं. सतत विचारत राहिल्यावर आता तिथे तिची रोपं येतात.

आता उपनगरांपुढे आणखी एक वेळ येऊन ठेपली आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी, सगळीकडे चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पुनर्विकासात जात आहेत. जुन्या तीन-चार मजली इमारतींना मातीचं अंगण होतं, त्यात वेली होत्या. इमारत पाडली की राडारोड्याबरोबर ती मातीही ट्रकमध्ये भरली जाते आणि भराव म्हणून कुठेतरी पडते. त्या मातीत आइस्क्रीम वेलीचे कंद असतात, मनी प्लांटची पेरं असतात. घर सोडताना लोक जड कुंड्या नाक्यावरच्या झाडाखाली ठेवून जातात. कोणी नेईल, नाहीतर झाडाजवळ जगेल, अशी त्यांची समजूत असते. कुंडी फुटते आणि वेल झाडाला लागते.

आमचीही इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. करारावरच्या चर्चेत पार्किंग आणि कार्पेट एरियाच्या नंतर मी बागेचा मुद्दा मांडला. इमारत रिकामी करण्याआधीच्या उन्हाळ्यात आइस्क्रीम वेल कंदासकट खणून वाळवायची, भिंतीलगतची ती माती चाळल्याशिवाय आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही, आणि ज्यांना कुंड्या सोबत नेता येणार नाहीत त्यांच्या कुंड्या एकत्र करून घेणाऱ्याला हातात द्यायच्या, रस्त्यावर ठेवायच्या नाहीत, असा तो तीन ओळींचा मुद्दा होता. समितीने तो लिहून घेतला आहे. नव्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर काय चढवायचं ते अजून ठरायचं आहे. मी कुसर आणि हरणदोडी सुचवली आहे, आणि छाटणी वाळवायला गच्चीवर जागा आराखड्यातच दाखवा, असंही म्हटलं आहे.